भीती वाटते, तरी चालायचे : होलोकॉस्टच्या बालकादंबऱ्या आणि आपली मुले

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी जर्मनीने आणि तिच्या साथीदारांनी सुमारे ६० लाख यहुदी मारले. त्यांत जवळजवळ १५ लाख मुले होती. हा आकडा फळ्यावर लिहिला की वर्ग शांत होतो, पण ती शांतता समजल्याची नसते. पंधरावर किती शून्ये द्यायची, याचा विचार करणारी ती शांतता असते. सहावी-सातवीच्या मुलासाठी मोठा आकडा म्हणजे गणितातला आकडा. त्याला दुःख कळते ते एकाच मुलाचे किंवा एकाच मुलीचे. तिचे नाव माहीत असावे लागते, तिची शाळा, तिचे घर, तिची मैत्रीण माहीत असावी लागते. म्हणून जगभरच्या लेखकांनी हा भयंकर इतिहास मुलांना गोष्टीतून सांगायचा प्रयत्न केला. त्या गोष्टींविषयी आज लिहायचे आहे.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. इतिहास हा माझा विषय नाही. पण भाषेच्या तासाला गोष्ट येते आणि गोष्टीचे बोट धरून इतिहास येतोच. ॲन फ्रँकची डायरी मराठीत आहे आणि अनेकांनी वाचलेली आहे. पण ती डायरी आहे, खऱ्या मुलीने लिहिलेली. मी बोलणार आहे ते कादंबऱ्यांबद्दल, म्हणजे खऱ्या काळात रचलेल्या काल्पनिक मुलांबद्दल. कल्पना आणि इतिहास एकाच पानावर आले की शिक्षकाचे काम वाढते. कुठली गोष्ट मुलांसमोर ठेवायची, कशी ठेवायची आणि का, हे ठरवावे लागते.

आमच्या मुलांसाठी या विषयाच्या वाटेवर दोन दगड पडलेले आहेत. पहिला दगड हिटलरच्या आकर्षणाचा. रस्त्यावरच्या पुस्तकांच्या ठेल्यांवर हिटलरचे आत्मचरित्र सर्रास दिसते. मराठीत दिसते, इंग्रजीत दिसते. प्रेरणादायी पुस्तकांच्या ढिगाऱ्यातच ते ठेवलेले असते. मुलांना तो शिस्तीचा, एका हाकेवर देश उभा करणारा नेता वाटतो. ही समजूत कुठल्या एका जमातीची नाही, सगळ्यांच्या घरांत ती आहे. दुसरा दगड खास आपल्या घरांतला. आमच्या मुलांनी ‘यहुदी’ हा शब्द ऐकला तो फिलस्तीनच्या बातम्यांत. त्यामुळे यहुदी म्हणजे बंदूक घेतलेला सैनिक, एवढीच प्रतिमा त्यांच्या मनात असते. ‘टीचर, त्यांच्यासाठी आपण का रडायचे?’ हा प्रश्न मला वर्गात विचारला गेलेला आहे आणि पुढेही विचारला जाईल.

फिलस्तीनच्या मुलांचे हाल पाहून ज्याचे डोळे भरून येतात त्या मुलाला मी कधीच चूक म्हणणार नाही. माझेही भरतात. पण एका मुलाचे दुःख मानण्यासाठी दुसऱ्या मुलाचे दुःख नाकारावे लागते, हा हिशेब कुणी शिकवला? १९४३ साली कोपनहेगनमध्ये शाळेत जाणारी दहा वर्षांची मुलगी कुठल्या राजकारणाची गुन्हेगार होती? या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी मी भाषण करत नाही. मी गोष्ट सांगते.

ती गोष्ट अमेरिकन लेखिका लोइस लॉरी यांच्या ‘नंबर द स्टार्स’ या कादंबरीची आहे. ती १९८९ साली आली आणि पुढच्याच वर्षी तिला अमेरिकेतले बालसाहित्याचे मानाचे न्यूबेरी पदक मिळाले. कथा घडते डेन्मार्कमध्ये. म्हणून आधी डेन्मार्कचा थोडा इतिहास पाहू.

९ एप्रिल १९४० रोजी जर्मन फौजा डेन्मार्कमध्ये घुसल्या. इवलासा देश, काही तासांत शरण आला. पण जर्मनांनी तिथे पोलंडसारखी राजवट आणली नाही. राजा दहावा ख्रिश्चन गादीवर राहिला, डॅनिश सरकारही चालू राहिले. जर्मनांना डेन्मार्कचे लोणी, मांस आणि धान्य हवे होते, शांतता हवी होती. डॅनिश सरकारनेही तडजोड करून दिवस काढले. या काळात तिथल्या यहुद्यांना हात लावला गेला नाही. त्यांची संख्या बाहेरून आलेल्या निर्वासितांसह साडेसात-आठ हजारांच्या आसपास होती.

१९४३ च्या उन्हाळ्यात चित्र पालटले. संप वाढले, घातपात वाढले. ऑगस्टच्या अखेरीस जर्मनांनी डॅनिश सरकारला कडक उपायांची शेवटची ताकीद दिली, ती सरकारने नाकारली. २९ ऑगस्टला जर्मनांनी लष्करी कायदा लावला. त्याच दिवशी डॅनिश नौदलाने आपली जहाजे जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून स्वतःच बुडवून टाकली. आता यहुद्यांना उचलायचा हुकूम निघणार हे उघड होते.

इथे एक अनपेक्षित माणूस पुढे येतो. गेऑर्ग फर्डिनांड डुकवित्झ हा कोपनहेगनमधला जर्मन अधिकारी, जहाज वाहतुकीचे काम पाहणारा, स्वतः नाझी पक्षात गेलेला. २८ सप्टेंबर १९४३ रोजी त्याने डॅनिश नेत्यांना कळवले की येत्या काही दिवसांत यहुद्यांची धरपकड होणार आहे. निरोप यहुदी समाजाच्या प्रमुखांपर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी, यहुदी नववर्षाच्या आदल्या दिवशी, रब्बी मार्कस मेल्खियोर यांनी सिनेगॉगमध्ये प्रार्थनेसाठी जमलेल्या लोकांना सांगितले की घरी थांबू नका, लपा आणि इतरांनाही कळवा.

१ ऑक्टोबरच्या रात्री जर्मन पोलिसांनी घरोघरी दारे ठोठावली. बहुतेक घरे रिकामी होती. लोक शेजाऱ्यांकडे, शिक्षकांकडे, पाद्र्यांकडे, खेड्यातल्या घरांत लपले होते. कोपनहेगनच्या बिस्पेब्येर्ग हॉस्पिटलमध्ये शेकडो यहुद्यांना आसरा मिळाला. ३ ऑक्टोबरच्या रविवारी चर्चमध्ये बिशपांचे निषेधपत्र वाचले गेले. पलीकडे स्वीडनने या लोकांना घेण्याची तयारी जाहीर केली. मधे होती ओरेसुंदची सामुद्रधुनी. ती सगळ्यांत अरुंद जागी चार किलोमीटरच आहे, पण ऑक्टोबरची थंडी, लाटा आणि जर्मन गस्तीच्या नावा. मच्छीमारांनी आपल्या होड्यांच्या पोटात, जाळ्यांखाली, मासळीच्या पेट्यांमागे माणसे लपवून रात्री पार नेली. काही आठवड्यांत सुमारे ७,२०० यहुदी आणि त्यांचे सुमारे ७०० बिगर यहुदी नातलग स्वीडनला पोचले.

आता कादंबरी. ॲनमरी जोहान्सन आणि एलेन रोझेन या दहा वर्षांच्या जिवलग मैत्रिणी, कोपनहेगनमध्ये एकाच इमारतीत राहणाऱ्या. ॲनमरी ख्रिस्ती, एलेन यहुदी. धरपकडीची बातमी येते तेव्हा एलेनचे आईबाप वेगळीकडे जातात आणि एलेन जोहान्सनांच्या घरी राहते. सैनिकांनी विचारले तर ती ॲनमरीची मोठी बहीण लीसा आहे असे सांगायचे ठरते. खरी लीसा काही वर्षांपूर्वी वारली आहे. रात्री सैनिक येतातच. त्या क्षणी ॲनमरीच्या लक्षात येते की एलेनच्या गळ्यात दाऊदच्या ताऱ्याची साखळी आहे. काढायला वेळ नाही, ती साखळी झटक्यात तोडते आणि मुठीत आवळून धरते. सैनिक एलेनच्या काळ्या केसांवर संशय घेतो. घरातल्या बाकीच्यांचे केस सोनेरी. तेव्हा वडील जुन्या अल्बममधून लहानपणीच्या लीसाचा फोटो काढून दाखवतात. तान्ह्या लीसाचे केस काळे होते. सैनिक जातात. ॲनमरी मूठ उघडते तेव्हा ताऱ्याचा ठसा तिच्या तळव्यावर उमटलेला असतो.

पुढे आई मुलींना घेऊन समुद्रकाठच्या गिलेलाये गावाजवळ आपल्या भावाकडे जाते. हा हेन्रिक मामा मच्छीमार आहे. घरात एक शवपेटी आणली जाते. कुणी बिर्टे नावाची म्हातारी वारली म्हणून ‘मयताला’ लोक जमतात. ॲनमरीला माहीत आहे की या नावाचे आपल्या घराण्यात कुणी नव्हते. ती मामाला विचारते. मामा तिला समजावतो की सगळे माहीत नसले की धीर धरणे सोपे जाते. शवपेटीत मयत नसते, पळून जाणाऱ्यांसाठी घोंगड्या आणि गरम कपडे असतात. आणि शेवटी, आईचा पाय मोडल्यामुळे, एक विसरलेली पुडी होडीपर्यंत पोचवायला पहाटेच्या अंधारात दहा वर्षांची ॲनमरी एकटी जंगलातून धावते. वाटेत सैनिक, कुत्रे. ती भोळ्या लहान मुलीचे सोंग घेते. पुडीत एक रुमाल निघतो. त्यावर असे रसायन आहे की हुंगल्यावर कुत्र्यांचे नाक काही काळ बधिर होते आणि होडीत लपलेली माणसे त्यांना सापडत नाहीत. रुमालाची ही गोष्ट लेखिकेने कल्पनेतून काढलेली नाही. स्वीडनमध्ये तयार झालेले असे मिश्रण मच्छीमारांनी खरोखर वापरले होते.

मुलांना ही गोष्ट का धरून ठेवते, याचा मी विचार केला आहे. ॲनमरी शूर नाही, असे ती स्वतःच समजते. तिला वाटते, शूर म्हणजे राजासाठी जीव देणारे लोक. आपण तर दहा वर्षांच्या, आपल्याला भीती वाटते. आणि कादंबरी हळूहळू तिला दाखवते की भीती वाटत असताना, पाय कापत असताना, समोरचे काम करत राहणे म्हणजेच हिंमत. आपल्या सिनेमांतल्या हिरोला कधी भीती वाटत नाही. म्हणून त्याच्याकडून मुलगा टाळी वाजवायला शिकतो, हिंमत शिकत नाही. वर्गात मी विचारते, ‘ॲनमरी कधी घाबरली?’ मुले पाच-सहा जागा सांगतात. मग विचारते, ‘ती कधी थांबली?’ तेव्हा वर्ग गप्प होतो. ही शांतता फळ्यावरच्या आकड्यासमोरच्या शांततेपेक्षा वेगळी असते.

दाऊदचा तारा म्हटले की मुलांचे कान टवकारतात. ‘म्हणजे आपले हजरत दाऊद?’ होय, तेच. आणि पुस्तकाचे नाव ज्या स्तोत्रातून आले आहे, ते ज्या स्तोत्रग्रंथात आहे त्याचे नाते आपण जबूरशी जोडतो. परके वाटणारे लोक एवढे परके नाहीत, हे मला वेगळे सांगावे लागत नाही. आपल्या कोकणात तर ते शेजारीच होते. अलिबागच्या परिसरातले बेने इस्राईल तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. मराठी बोलणारे हे यहुदी आपल्या प्रार्थनास्थळालाही मशीद म्हणत. यहुदी म्हणजे फक्त बातमीतला सैनिक, ही समजूत रायगड जिल्ह्याच्या पोटातच खोटी ठरते.

आता शिक्षकाचे दुसरे काम. गोष्ट ऐकून मन भरले की विचारायचे : यात खरे किती? डेन्मार्कबद्दल एक दंतकथा जगभर सांगितली जाते. राजा दहाव्या ख्रिश्चनने यहुद्यांना साथ म्हणून स्वतःच्या छातीवर पिवळा तारा लावला, अशी ती आहे. ऐकायला फार गोड. पण हे घडलेले नाही. डेन्मार्कमध्ये पिवळा तारा लावण्याचा हुकूम कधी निघालाच नाही, मग राजा तो लावणार कुठून? खरे एवढेच की राजा व्यापलेल्या राजधानीतून रोज घोड्यावरून, पहारा न घेता फिरत असे आणि लोकांना त्याचा मोठा आधार वाटे. लॉरी यांनी हा घोड्यावरचा राजा घेतला आहे, ताऱ्याची दंतकथा घेतलेली नाही. चांगल्या ऐतिहासिक कादंबरीची ही एक खूण. मुले काल्पनिक असतील, पण काळाशी खोटेपणा नाही.

जे कादंबरीत नाही तेही मी सांगते. सगळे मच्छीमार फुकट घेऊन गेले नाहीत. अनेकांनी भाडे घेतले, काहींनी भरमसाट घेतले. होडी जप्त झाली असती तर घर बसले असते, हेही खरे. श्रीमंतांनी गरिबांचे पैसे भरले, वर्गण्या झाल्या. ज्या गिलेलाये गावात हेन्रिक मामा राहतो, त्याच गावात चर्चच्या माळ्यावर लपलेले ऐंशीच्या आसपास यहुदी कुणीतरी खबर दिल्यामुळे पकडले गेले. डेन्मार्कमधून एकूण सुमारे ४७० यहुदी तेरेझिनश्टाटच्या छावणीत गेले आणि त्यांतले पन्नासएक तिथेच मेले. म्हणजे एकाच गावात जीव वाचवणारेही होते आणि चुगली करणारेही. मुलांना हे ऐकून वाईट वाटते. पण गाव म्हटले की असेच असते, हे त्यांना पटते, कारण त्यांचेही गाव आहे.

कादंबरीचा शेवटही गोड-गोड नाही. मे १९४५ मध्ये डेन्मार्क मुक्त होतो, रस्त्यावर झेंडे येतात. तेव्हा ॲनमरीला कळते की बहीण लीसा अपघाताने गेली नव्हती. ती प्रतिकार चळवळीत होती आणि जर्मनांनी जाणूनबुजून तिच्यावर गाडी घातली होती. लीसाशी ज्याचे लग्न ठरले होते त्या पीटरला गोळ्या घातल्या गेल्या आहेत. या पीटरच्या मागे एक खरा तरुण आहे. किम माल्थे-ब्रून हा डॅनिश तरुण चळवळीत होता. एप्रिल १९४५ मध्ये, मुक्ती महिन्याभरावर असताना, त्याला मृत्युदंड दिला गेला. तो २१ वर्षांचा होता.

पण फक्त डेन्मार्क सांगितले तर मुलांना वाटेल की युरोपात सगळे शेजारी असेच होते. तसे असते तर ६० लाख माणसे मेली नसती. म्हणून मी दुसरी कादंबरी घेते. हान्स पेटर रिश्टर या जर्मन लेखकाने १९६१ साली लिहिलेली, जर्मनीत घडणारी ‘फ्रीडरिश’. रिश्टर स्वतः नाझी राजवटीत वाढलेले. इथेही एकाच इमारतीतली दोन मुले आहेत. एक जर्मन मुलगा, जो गोष्ट सांगतो, आणि दुसरा फ्रीडरिश, यहुदी. दोघे एकत्र खेळतात, घरे एकमेकांकडे येतात-जातात. मग हळूहळू कायदे येतात. फ्रीडरिशची शाळा बदलते, त्याच्या वडिलांची नोकरी जाते, पोहण्याचा तलाव बंद होतो, सिनेमा बंद होतो. सांगणाऱ्या मुलाचे वडील वाईट नाहीत. पण नोकरीसाठी ते नाझी पक्षात जातात. आणि १९३८ च्या दंगलीत स्वतः तो मुलगा गर्दीबरोबर वाहवत जाऊन यहुद्यांच्या वसतिगृहात तोडफोड करतो. शेवटी बाँबहल्ल्याच्या वेळी घरमालक फ्रीडरिशला तळघरातल्या आसऱ्यात येऊ देत नाही. मुलगा इमारतीच्या दाराशीच मरतो. तळघरात त्याचे सगळे शेजारी बसलेले असतात. त्यांतले काही जण रदबदली करतात, पण घरमालकापुढे कुणाचे चालत नाही.

‘नंबर द स्टार्स’ वाचून मुले म्हणतात, आम्ही ॲनमरीसारखे होऊ. ‘फ्रीडरिश’ ऐकून ती गप्प होतात. दोन्ही लागतात. पहिल्या पुस्तकात मैत्री टिकते, कारण मोठी माणसे मुलांच्या पाठीशी उभी राहतात. दुसऱ्यात मैत्री तुटते, पण कुणी भांडत नाही. रोज थोडे थोडे घाबरून, थोडे थोडे नजर चुकवून ती तुटते. द्वेष एकदम येत नाही. आधी शाळेचा बाक वेगळा होतो, मग दुकान, मग मोहल्ला, मग तळघराचे दार. ही पायरी-पायरीची चाल मुलांनी ओळखायला शिकली पाहिजे. आपल्याविरुद्ध आली तरी आणि आपल्या हातून दुसऱ्याविरुद्ध जात असली तरी.

तिसरे पुस्तक मी वर्गात घेत नाही, आणि ते का, हे सांगायला हवे, कारण तेच सगळ्यांत जास्त खपले आहे. जॉन बॉइन यांची ‘द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज’ ही २००६ सालची कादंबरी. छळछावणीच्या अधिकाऱ्याचा नऊ वर्षांचा मुलगा ब्रूनो तारेच्या कुंपणापाशी श्मुएल या यहुदी मुलाशी दोस्ती करतो आणि शेवटी कुंपणाखालून आत जाऊन त्याच्याबरोबर मरतो. सिनेमा पाहून माणसे रडली. पण २०२० साली आउश्वित्झच्या स्मारकाने जाहीरपणे सांगितले की हा इतिहास शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी हे पुस्तक टाळावे. कारण उघड आहे. आउश्वित्झला आणलेली बहुसंख्य यहुदी मुले आल्याबरोबर मारली जात. श्मुएलसारखे कुंपणापाशी रोज निवांत बसून गप्पा मारणे शक्य नव्हते. कुंपणात वीज सोडलेली असे. आणि त्या काळच्या जर्मन अधिकाऱ्याच्या मुलाला यहुदी कोण हे माहीतच नव्हते, हे पटणारे नाही. शाळेतच त्याला द्वेष शिकवला जात होता. शिवाय वाचक शेवटी रडतो तो कुणासाठी? चुकून आत गेलेल्या ब्रूनोसाठी. ज्यांच्यासाठी ती छावणी बांधली होती त्यांच्यासाठी नव्हे. अश्रू खरे असतात, पण वाट चुकलेले.

हाच नियम आपल्याला स्वतःलाही लावायचा आहे. मुस्लिमांनी यहुद्यांना वाचवल्याच्या खऱ्या कहाण्या आहेत आणि मी त्या अभिमानाने सांगते. अल्बानियात रेफिक वेसेली नावाचा कोवळ्या वयाचा मुस्लिम मुलगा तिराना शहरात फोटो स्टुडिओत काम शिकत होता. तिथे युगोस्लाव्हियातून पळून आलेले मोशे मांडिल हे यहुदी फोटोग्राफरही होते. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन आले तेव्हा रेफिकने आईवडिलांची परवानगी घेऊन मांडिल कुटुंबाला क्रुया या डोंगरातल्या गावी आपल्या घरी नेले. प्रवास रात्रीचा, दिवसा गुहेत लपायचे. मोठी माणसे माळ्यावर लपली, गाव्रा आणि इरेना ही मुले गावच्या मुलांत मिसळली. जर्मन निघून जाईपर्यंत ते कुटुंब तिथे सुरक्षित राहिले. अल्बानियन लोक याला ‘बेसा’ म्हणतात, दिलेला शब्द पाळणे. आपल्या भाषेत अमानत म्हटले तरी चालेल. १९८७ साली इस्राईलच्या याद वाशेम या स्मारक संस्थेने वेसेली कुटुंबाचा सन्मान केला.

सारायेवोचा एक फोटो आहे, १९४१ सालचा. हार्डागा या मुस्लिम घराण्यातली झैनेबा रस्त्याने चालली आहे, शेजारी तिची यहुदी मैत्रीण रिव्का काविलिओ आहे. रिव्काच्या बाहीवर पिवळा तारा आहे आणि झैनेबाने आपल्या बुरख्याचा पदर त्यावर ओढून धरला आहे. ॲनमरीने मुठीत लपवलेला तारा कादंबरीतला आहे, झैनेबाने पदराखाली झाकलेला तारा खरा आहे. वर्गात मी दोन्ही शेजारी ठेवते. बुरख्याबद्दल आमच्या मुली बाहेर काय काय ऐकतात हे मला माहीत आहे, म्हणून हा फोटो त्यांनी पाहावा असे मला फार वाटते. एक जीव वाचवण्याचे मोल सांगणारी सूरह माइदाची आयत आपल्याकडे प्रत्येक भाषणात येते. तीच शिकवण यहुद्यांच्या मिश्नामध्येही आहे. झैनेबाने भाषण केले नाही, पदर ओढला.

पण इथे थांबलो तर आपणही दंतकथाच रचू. त्याच काळात जेरुसलेमचे मुफ्ती अमीन अल-हुसैनी बर्लिनला जाऊन बसले होते. नोव्हेंबर १९४१ मध्ये ते हिटलरला भेटले, रेडिओवरून त्याच्या बाजूने प्रचार केला, बोस्नियाच्या मुस्लिमांना नाझी फौजेत भरती करण्यात हातभार लावला. कोसोव्होत अल्बानियन सैनिकांच्या एका नाझी तुकडीने १९४४ साली यहुद्यांना पकडून दिले. पॅरिसच्या मोठ्या मशिदीने यहुद्यांना आसरा दिल्याची कहाणी मुलांच्या सुंदर चित्र-पुस्तकात आली आहे, पण किती जणांना, याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. ही सगळी बाजू मी मोठ्या मुलांना सांगते. कुणी म्हणतील, आपलीच बदनामी आपण का करायची? माझे म्हणणे साधे आहे. गवाही द्यायची तर पूरी द्यायची. झैनेबाची हिंमत मोठी का वाटते? कारण ती सोपी नव्हती, सगळे तसे वागत नव्हते. सगळ्यांनीच वाचवले असे सांगितले की वाचवणाऱ्याची किंमतच उरत नाही.

ज्या शिक्षकांना किंवा पालकांना हे मुलांसमोर न्यायचे आहे त्यांच्यासाठी अनुभवाच्या तीन गोष्टी. एक, आधी नकाशा काढा. डेन्मार्क, स्वीडन आणि मधली पाण्याची पट्टी मुलांनी हाताने काढली की होडीचा प्रवास त्यांना कळतो. दोन, प्रेते आणि छावण्यांचे फोटो लहान मुलांना दाखवू नका. भीतीने मन बंद होते. ती वेळ पुढे नववी-दहावीत येईल. तीन, गोष्ट संपली की प्रत्येक पात्राची यादी करा : कोण वाचवले गेले, कोणी वाचवले, कोण मारायला आले आणि कोण नुसते पाहत राहिले. शेवटचा रकाना मुले सुरुवातीला रिकामा ठेवतात. ‘फ्रीडरिश’ ऐकल्यावर तोच सगळ्यांत लांब होतो.

‘त्यांच्यासाठी आपण का रडायचे?’ या प्रश्नाचे उत्तर मी अजूनही सरळ देत नाही. मी मुलांना एवढेच विचारते की सैनिकाने दार ठोठावले त्या रात्री ॲनमरीने एलेनला आधी काय विचारायला हवे होते? तुझा देश कोणता, तुझे लोक पुढे काय करतील, हे? मुले हसतात. दारावर थाप पडलेली असताना असले कोण विचारेल, म्हणतात. ज्या मुलाला हे कळले तो फिलस्तीनच्या मुलासाठीही रडेल, कोपनहेगनच्या मुलीसाठीही, आणि उद्या आपल्या गल्लीत कुणाच्या दारावर थाप पडली तर आत बसून राहणार नाही, अशी माझी उमेद आहे. तुमच्या घरात दहा-बारा वर्षांची मुले असतील तर एक रात्र मोबाईल बाजूला ठेवून त्यांना ॲनमरीची गोष्ट सांगा. ती काय विचारतात ते नीट ऐका.